काकडीवरचं टिंब

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला टिंबकाकांचा फोन वाजला, आणि तो आपलाच वाजतोय हे कळायला त्यांना बराच वेळ लागला. आधी वाटलं, शेजारच्या घरात वाजतोय. मग वाटलं, रेडिओत. कारण त्यांचा फोन आठवड्यातून एकदाच वाजायचा. रविवारी संध्याकाळी सहाला, मुलीचा. मंगळवारी वाजायचं त्याला काही कारणच नव्हतं.

"हॅलो साहेब, काकडीला घाम सुटलाय," पलीकडचा माणूस म्हणाला.

"कोणाला?"

"काकडीला. पाणी सुटलंय सगळं. आणि जमिनीकडच्या बाजूला कापूस आलाय. पांढरा. उशीतून निघतो ना, तसा."

"राँग नंबर," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पण ठेवता ठेवता त्यांच्या मनात आलं की हे वाक्य आपण कुठेतरी वाचलंय. उशीचं नाही, कापसाचं.

टिंबकाका म्हणजे मुद्रितशोधक. छापखान्यातून आलेला मजकूर तपासायचा, काना-मात्रा, वेलांट्या, स्वल्पविराम जागच्या जागी आहेत ना ते बघायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. उडालेला अनुस्वार तर त्यांना ओळ वाचायच्या आधीच दिसायचा, म्हणून छापखान्यात त्यांना टिंबकाका म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. निवृत्त झाल्यावरही छापखाना त्यांच्याकडे काम पाठवायचा. खाकी पाकीट दाराच्या फटीतून आत सरकायचं आणि दोन दिवसांनी त्याच फटीतून बाहेर जायचं. आणणाऱ्याचा चेहरा त्यांनी अजून पाहिला नव्हता. बूट मात्र ओळखीचे झाले होते.

पूर्वी हे काम दोघांनी करायचं असायचं. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवायची. आता काका दोघांचंही काम एकटेच करत. आधी वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून मोठ्यानं वाचायचं, "स्वल्पविराम", "पूर्णविराम", "नवा परिच्छेद" असं सगळं म्हणायचं, मग उठून समोरच्या खुर्चीत जाऊन तपासायचं. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, मुलगी परदेशात. रविवारच्या फोनमध्ये "जेवलात का?", "औषध घेतलं का?" आणि "बरं मग" एवढं होऊन सात मिनिटांतलं एखादं शिल्लक असलं तर हवापाण्याचं बोलणं व्हायचं. बाकीचे सहा दिवस घरात जो काही माणसाचा आवाज ऐकू येई तो त्यांचा स्वतःचाच असे, आणि तोही दुसऱ्यानं लिहिलेलं वाचत असे.

दुपारपर्यंत आणखी दोन फोन आले. एकाच्या काकड्या कमरेत वाकल्या होत्या, दुसऱ्याच्या काकडीला खपल्या धरल्या होत्या. काकांनी दोघांनाही राँग नंबर म्हणून वाटेला लावलं. खपलीवाला मात्र हटेना.

"राँग कसा? पत्रकावर हाच छापलाय. शेवटचं पान. 'काकडीच्या फळांवरील रोग कसे ओळखाल? अधिक माहितीसाठी आमच्या तज्ज्ञांशी संपर्क साधा.' पुढं तुमचा नंबर. वाचून दाखवू?"

त्यानं वाचून दाखवला. दहाच्या दहा आकडे काकांचे होते.

काकांनी कपाटातून पत्रक काढलं. आठ पानांचं, भाजीपाला संशोधन केंद्रासाठी छापलेलं, दीड महिन्यापूर्वी त्यांनीच चार वेळा तपासलेलं. शेवटच्या पानावर त्यांचा नंबर ठळक अक्षरांत विराजमान झाला होता. मग त्यांना आठवलं. शेवटच्या तपासणीत केंद्राचा नंबर त्यांना संशयास्पद वाटला होता, एक आकडा कमी होता. म्हणून त्यांनी लाल शाईनं समासात लिहिलं होतं, "दूरध्वनी क्रमांक चुकीचा, तपासा. शंका असल्यास मला विचारा," आणि पुढं आपला नंबर टाकला होता. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीला शंका आलीच नाही. तिनं चुकीचा नंबर काढला आणि समासातला, लाल शाईतला, दहा आकडी नंबर श्रद्धेनं जागेवर बसवला.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा असा ध चा मा झाला होता, आणि मा सुद्धा त्यांच्याच अक्षरातला.

त्यांनी छापखान्याच्या मालकाला फोन लावला.

"काका, आधी शांत व्हा," मालक म्हणाला.

"मी शांतच आहे. कळवतोय."

"किती प्रती गेल्यात माहितीये? वीस हजार. आता काय घरोघरी जाऊन खोडरबर फिरवायचं? दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा दुरुस्त करू. तोवर तुम्ही फोन बंद ठेवा."

"मुलीचा फोन येतो."

"मग राँग नंबर म्हणा आणि ठेवा. काकडीवाले असून असून किती असणार?"

काकांनी फोन बंद केला. घर नेहमीसारखं शांत झालं. नळाखाली ठेवलेल्या भांड्यात थेंब पडत होता तो ऐकू यायला लागला. मग त्यांनी खाकी पाकिटातलं काम काढलं, बॉयलर वापरण्याच्या सूचनांचं होतं, आणि दोन पानं मोठ्यानं वाचली. तिसऱ्या पानावर त्यांच्या मनात आलं की त्या बिचाऱ्याच्या काकडीला खरंच कापूस आला असेल, तर तो आता कोणाला विचारणार? अर्ध्या तासानं त्यांनी फोन पुन्हा चालू केला. मुलीसाठी, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या दिवशी मंगळवार आहे हे सांगायचं टाळलं.

फोन लगेच वाजला.

"नमस्कार. मी निवृत्त नर्स आहे," बाईचा आवाज होता, शांत आणि जरा हुकमी. "माझ्याकडे बारा वेल आहेत, सगळे गच्चीवर. आज एका फळावर जखम दिसतेय."

"बाई, हा राँग नंबर आहे. पत्रकात चूक झालीय."

"असू दे. पत्रक आहे का तुमच्याजवळ?"

"आहे. पण..."

"मग एवढं वाचून दाखवा. माझ्या चष्म्याची काडी मोडलीय, आणि यांनी अक्षरं मुंगीएवढी छापलीत. गोल डाग आहे, आत दबलेला. पेशंटला ताप नाही."

आता नुसतं वाचून दाखवायला काय हरकत होती? काका आयुष्यभर तेच करत आले होते. ते वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसले. "'फळांवर गोलाकार, खोलगट, पाणथळ डाग पडतात, स्वल्पविराम, ते पुढे काळपट होतात, पूर्णविराम. दमट हवेत डागाच्या मध्यभागी गुलाबीसर चिकट द्रव दिसतो.'"

"अगंबाई! गुलाबीच आहे. मी म्हटलं, पू कसा गुलाबी?"

"मग हा करपा आहे, बाई," काका म्हणाले. हे पत्रकात त्याच शब्दांत नव्हतं. हे ते स्वतः बोलले होते. "ती फळं काढून लांब नेऊन टाका. वेलांवर वरून पाणी मारू नका, बुंध्याशी घाला."

"बरं झालं विचारलं. डॉक्टर, तुम्ही फार नीट समजावता. स्वल्पविरामसुद्धा सांगता."

फोन ठेवल्यावर काका कितीतरी वेळ त्या खुर्चीतून उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यापासून ते सकाळी नऊला दाढी करून, धुतलेला सदरा घालून फोनसमोर बसायला लागले. राँग नंबर म्हणणं पहिल्या दिवशी लांबणीवर पडलं, दुसऱ्या दिवशी निम्मं झालं आणि तिसऱ्या दिवशी गळालं. पत्रक तर पाठ होतंच. शिवाय, त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, हे काम त्यांना येत होतं. आयुष्यभर पांढऱ्या कागदावरची टिंबं शोधली, आता हिरव्या सालीवरची शोधायची. टिंब कुठंय, किती मोठं आहे, कडेला पिवळी रेघ आहे का, त्यातून डिंक येतो का, हे ते असं खोदून खोदून विचारत की पलीकडच्या माणसाला आपली काकडी पहिल्यांदाच नीट दिसायची. फळ जमिनीला टेकून पोटाशी कुजलं असेल तर ते "खाली गवत अंथरा" सांगत. फळ नुसतंच वाकडं असेल तर "हा रोग नाही, मधमाश्या कमी पडल्या, काळजी करू नका" असं सांगत, आणि हे वाक्य सांगताना त्यांना सगळ्यात बरं वाटे.

माणसं मात्र काकडीवर थांबत नसत. एकीनं सांगितलं की तिचा जावई काकडी खात नाही, त्यामुळे संसार टिकेल का याची तिला शंका आहे. एका ड्रायव्हरनं अर्धा तास आपल्या गुडघ्याचं सांगितलं आणि शेवटी "वेल बरा आहे" म्हणून ठेवून दिलं. काका सगळं ऐकून घेत. त्यांना काही घाई नव्हतीच.

मग नमुने यायला लागले. एकाला वर्णन जमेना, म्हणून काकांनी त्याला पत्ता सांगितला. त्यानं तो आणखी चौघांना सांगितला. सकाळी दार उघडलं की पायरीवर पिशव्या. प्रत्येकीत एक-दोन आजारी काकड्या, सोबत चिठ्ठी. काकांनी त्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ओळीनं मांडल्या, प्रत्येकीखाली नाव लिहिलेला कागद ठेवला. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी इमारतीचा सचिव नाकाला रुमाल लावून दारात उभा.

"काका, तक्रार आलीय. जिन्यात वास येतोय."

"रुग्णांचा असेल," काका कामाच्या नादात बोलून गेले.

"कोणाचा?"

"नमुन्यांचा म्हणतो मी. आज टाकून देतो सगळे."

सचिवानं मान लांब करून आत बघितलं. खिडकीखाली सतरा काकड्या आडव्या पडलेल्या, प्रत्येकीच्या पायथ्याशी नावाचा कागद. खोलीत दुसरं कोणी नाही. समोरासमोर दोन खुर्च्या.

"आणि दिवसभर तुमच्या घरातून बोलण्याचा आवाज येतो. कोणाशी बोलता?"

"लोकांशी."

"कुठले लोक?"

"काकडीचे."

सचिव एक पायरी मागे सरकला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं, बरं. बोला तुम्ही. तुमच्या मुलीचा नंबर आहे का हो माझ्याकडे?"

होता. त्या दिवशी बुधवार असून मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही काकड्यांशी बोलता?"

"काकड्यांशी नाही गं. काकड्यांविषयी."

"त्यांना नावं दिलीत म्हणे!"

"ती मालकांची नावं आहेत."

तिनं सगळं विचारून घेतलं, तरी तिला ते पटेना. शेवटी काकांनी तिला विचारलं, "तुझ्याकडे आहे का घरात काकडी? आण. उजेडात धर. काय दिसतंय?" ती गेली, फ्रिजमधून घेऊन आली, आणि बापलेक दहा मिनिटं एका निरोगी काकडीची तपासणी करत बसले. एकोणचाळीस मिनिटांचा फोन झाला. तिनं "जेवलात का" विचारलंच नाही. काकांनाही नंतर आठवलं की ते जेवले नव्हते.

सगळं असं सुरळीत चाललं असताना काकांना आत्मविश्वास आला, आणि घात झाला तो तिथंच.

रोज दुपारी चारला एक पॉलिहाऊसवाला फोन करायचा. शहराबाहेर त्याचं मोठं प्लास्टिकचं छप्पर होतं, आत चारशे वेल. मोठ्या आवाजाचा, बोलायला मोकळा. एका सोमवारी त्यानं फोटो पाठवला. फळांवर फोड आलेले, सालीवर फिकट आणि गडद चट्टे. काकांनी पत्रक उघडलंसुद्धा नाही.

"हा विषाणू आहे," ते म्हणाले. "मोझॅक. याला औषध नाही."

"मग करायचं काय, डॉक्टर?"

"वेल मुळासकट उपटायचे आणि नष्ट करायचे. सगळ्या वेलांवर असंच आहे ना? मग सगळे."

"चारशे?"

"चारशे."

"पक्कं ना, डॉक्टर?"

"पान पाच, ओळ नऊ," काका ठामपणे म्हणाले.

मंगळवारी चारला फोन आला नाही. बुधवारीही नाही. काकांनी चहा टाकला, तो उकळून अर्धा झाला. उपटायच्या कामात असेल, असं ते म्हणाले, पण मनात काहीतरी टोचायला लागलं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. शेळ्या किती मेल्या, ते उंटावरून दिसत नाही.

गुरुवारी सकाळी फोन आला तो बाईचा.

"नमस्कार, भाजीपाला संशोधन केंद्र, काकडी विभाग," काका म्हणाले. हे ते कधीपासून म्हणायला लागले होते, त्यांनाही आठवत नव्हतं.

"कोण बोलतंय?"

"रोगतज्ज्ञ."

"अस्सं?" बाई म्हणाल्या. "मग मी कोण?"

काकांची पाचावर धारण बसली.

"मी संशोधन केंद्रातून बोलतेय. काकडीच्या रोगांची तज्ज्ञ. पत्रक निघाल्यापासून या फोनसमोर बसून आहे. एक फोन नाही. आज म्हटलं, पत्रकावरचा नंबर आपणच लावून बघावा, तर तो मी स्वतःच उचलला म्हणायचं! पत्ता सांगा."

काकांनी पत्ता सांगितला. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गेले काही दिवस जे चाललं होतं ते खोटं नव्हे, अशी त्यांची समजूत होती. ती आता ढासळायला लागली.

दीड तासानं रोगतज्ज्ञ बाई आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला मोठी पिशवी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. काकांनी उभ्या उभ्या सगळा कबुलीजबाब दिला, समासातल्या लाल शाईपासून चारशे वेलांपर्यंत. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"तुम्हाला माहितीये का," त्या शेवटी म्हणाल्या, "महिनाअखेर केंद्रात अहवाल जातो, किती लोकांनी विचारणा केली. माझ्या रकान्यात भोपळा. म्हणून साहेबांनी ठरवलंय, काकडी विभाग बंद करायचा आणि मला भोपळा विभागात पाठवायचं. मी म्हटलं, चेष्टा करताय का? तर नाही, खरंच भोपळा विभाग आहे."

काकांना हसूही येईना आणि खाली बघायचंही जमेना. त्यांनी आपली वही पुढे केली. तीत प्रत्येक फोन होता, नाव, नंबर, पत्ता, डागाचं वर्णन, काय सांगितलं ते, सगळं शुद्ध, सुवाच्य. एकशे अठ्ठावीस. "हे सगळे तुमचे आहेत," ते म्हणाले. "साहेबांना दाखवा."

बाई भिंगाशिवायच वाचायला लागल्या. पानं उलटता उलटता त्यांच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. "हे बरोबर... हेही बरोबर. हं, वाकडी फळं, मधमाश्या, छान... जावई काकडी खात नाही, याच्यापुढं तुम्ही 'निदान बाकी' लिहिलंय." मग त्या थांबल्या. त्यांनी तो फोटो मागितला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"बियाण्याची जात कोणती, विचारलंत?"

"जात?"

"अहो, ही जातच अशी असते. फोडांची, चट्ट्यापट्ट्यांची. पानं बघा मागची, स्वच्छ हिरवी. हे वेल ठणठणीत आहेत. तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

काकांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "सर्व उपटणे."

पॉलिहाऊसवाल्याला फोन लावला, तो उचलेना. तीन वेळा लावला. बाईंनी पिशवी उचलली. "चला."

बसमध्ये काका खिडकीशी बसले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून चुका सुटल्या नव्हत्या असं नाही. पण पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. वेलाला पुढची आवृत्ती कुठली? त्यांच्या डोळ्यांसमोर चारशे वेल आडवे झाले होते आणि मधोमध तो मोकळ्या आवाजाचा माणूस बसलेला होता. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"माझ्याही हातून झालीय अशी एकदा," त्या म्हणाल्या. "फार आधी. मी तर शिकलेली होते."

बसमधून उतरले त्या थांब्यापासून वीस मिनिटं चालावं लागलं. पॉलिहाऊसचं दार प्लास्टिकचंच होतं. काकांनी ते बाजूला केलं, आणि ते तिथंच उभे राहिले.

आत चारशे वेल दोऱ्यांवर ताठ चढलेले. फोड असलेल्या, चट्टेपट्टे असलेल्या, गुटगुटीत काकड्या लोंबत होत्या. मधल्या वाटेत एक बुटका, जाड मिशांचा माणूस स्टुलावर बसून दोरी गुंडाळत होता. आवाजावरून काकांनी कल्पना केली होती तो माणूस सहा फुटी होता.

"उपटले नाहीत?" काकांनी विचारलं. त्या माणसानं आवाज ओळखला. तो ताडकन उठला.

"डॉक्टर? तुम्ही इथं?" त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखे भाव आले. "माफ करा. तुमचं ऐकलं नाही मी."

"का नाही ऐकलंत?" हे काकांनी इतक्या कळवळून विचारलं की बाईंना तोंड फिरवावं लागलं.

"आता खरं सांगू का? मी विचारलं, पक्कं ना? तुम्ही म्हणालात, पान पाच, ओळ नऊ. मी म्हटलं, हा माणूस बघून बोलत नाही, वाचून बोलतोय. आणि बियाणं माझ्या मावशीकडचं आहे. तिच्याकडे वीस वर्षं अशाच काकड्या येतात."

"तुम्हाला माहीत होतं? मग फोटो कशाला पाठवलात?"

तो दोरी सोडायला आणि परत गुंडाळायला लागला. "चार वाजले होते. त्या दिवशी कुठल्याच फळाला काही झालं नव्हतं. विचारायला काहीतरी पाहिजे ना." मग म्हणाला, "सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी असतो आणि हे वेल असतात. आणि नंतर फोन केला नाही, कारण तुम्ही विचाराल, उपटले का? काय सांगणार? आजसुद्धा तुमचा नंबर बघूनच उचलला नाही."

प्लास्टिकवर ऊन तापलं होतं. मग बाईंनी भिंग काढलं आणि "आलोच आहोत तर बघून घेते" म्हणत त्या पहिल्या रांगेत शिरल्या. पॉलिहाऊसवाला काकांना चहा करतो म्हणाला. एकच कप होता. तिघांनी आळीपाळीनं घेतला.

वहीनं काकडी विभाग वाचवला. एकशे अठ्ठावीस विचारणा बघून साहेबांनी दुसरी आवृत्ती ताबडतोब काढायला सांगितली. खाकी पाकीट दाराच्या फटीतून आत आलं. काकांनी शेवटच्या पानावरचा आपला नंबर लाल शाईनं खोडला, आणि केंद्राचा खरा नंबर दोनदा पडताळून लिहिला. समासात या वेळी काहीही लिहिलं नाही. पान पाचवर बाईंच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवायची होती, आणि ती त्यांनी काकांनाच लिहायला सांगितली होती. काकांनी सकाळभर ती सात वेळा लिहिली. "वेल उपटण्यापूर्वी बियाण्याची जात विचारून घ्यावी." चौतीस वर्षं दुसऱ्यांचं वाचणाऱ्या माणसाची छापून आलेली ही पहिली ओळ. खाली नाव नव्हतं, आणि मुद्रितशोधकाचं ते कुठंच नसतं.

दुसरी आवृत्ती तीस हजार निघाली. फोन आधी निम्मे झाले, मग दिवसाला दोन, मग एक. नर्सबाईंचा चष्मा दुरुस्त झाला आणि त्यांना पत्रक स्वतःच वाचता यायला लागलं. पॉलिहाऊसवाला चारला करायचा, पण मग त्याच्या मावशीची तब्येत बिघडली आणि तो तिकडे गेला. मुलगी रविवारी करतच होती. काकड्यांचं काय झालं, हे तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा पुन्हा जेवणावर आली. सचिव जिन्यात भेटला की "आता बरं आहे ना?" म्हणायचा आणि काका "हो, आता शांत आहे" म्हणायचे. तो खूश व्हायचा.

एका शुक्रवारी काकांनी ठरवलं, आपणच केंद्रात फोन करायचा. बाईंचा आवाज ऐकू, चार शब्द बोलू. पण कामाशिवाय कसा करायचा? त्यांच्या घरात वेलच काय, काकडीसुद्धा नव्हती. म्हणून त्यांनी एक रोग तयार केला. देठाजवळ करडा डाग, कडेला पिवळसर रेघ, मधून डिंक. कागदावर लिहून काढला, दोनदा तपासला, एक स्वल्पविराम घातला. मग नंबर फिरवला.

"आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," यंत्रातली बाई म्हणाली. "आपण रांगेत अकरावे आहात."

काकांचा ऊर भरून आला. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि खुर्ची ओढून बसले. मध्ये सनई आणि सतार यांच्यामधलं कसलंतरी संगीत वाजत होतं. नववे. सातवे. चौथे. काका कागदावरच्या डागाचा आकार जरा लहान करत होते, फार भयंकर वाटू नये म्हणून. "आपण रांगेत पहिले आहात," असं यंत्र म्हणालं, आणि तिथं जे अडकलं ते अडकलंच. कोणीतरी बाईंशी फार सविस्तर बोलत होतं. दहा मिनिटं झाली. वीस झाली.

तेवढ्यात संगीतामध्येच टुक टुक आवाज आला. दुसरा फोन येत होता, अनोळखी नंबर. काकांनी जरा विचार केला. पहिला नंबर इतक्या मुश्किलीनं लागला होता. मग पहिल्याला थांबायला ठेवून त्यांनी दुसरा घेतला.

"हॅलो," एक म्हातारा, कापरा आवाज म्हणाला. "काकडीचं विचारायचं होतं. नव्या पत्रकावरचा नंबर लागत नाही हो. अर्धा तास झाला, रांगेत दुसराच आहे मी. माझ्यापुढं कोणीतरी एक चिकटून बसलंय, ते हलायलाच तयार नाही! लोकांना काय उद्योग नसतात बघा. शेवटी मुलाच्या फोनवरून जुन्या पत्रकावरचा लावला."

काकांचे कान लाल झाले. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि केंद्राचा फोन बंद करून टाकला.

"तो गेला," ते म्हणाले. "आता तुम्ही पहिले झालात. त्या फोनवर थांबा, बाई स्वतः बोलतील. त्या खऱ्या तज्ज्ञ आहेत."

"ठेवला मी तो. आता परत लावला तर शेवटून सुरुवात. तुम्ही कोण?"

"मी कोणी नाही. म्हणजे, पत्रक तपासणारा. मला पत्रक पाठ आहे तेवढंच. जे माहीत नसेल ते नाही म्हणून सांगेन, आणि बाईंना विचारून कळवीन. चालेल?"

"चालेल की. पण जरा पहिल्यापासून सांगावं लागेल. बी आणलं तिथपासून. वेळ आहे ना तुम्हाला?"

काकांनी पाठ टेकली.

"सांगा," ते म्हणाले. "बी कुठून आणलंत?"